'करण्याआधी' आणि 'बिफोर डूइंग': प्रस्तावना

इंग्रजीत पत्र किंवा अर्ज लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या शेवटच्या ओळीत एक चूक पुन्हा पुन्हा आढळते: 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू'. तेथे 'टू मीटिंग यू' हवे. ही चूक करणारे इंग्रजीत कच्चे असतात असे मुळीच नाही. त्यांत अभियंते असतात, वकील असतात, इंग्रजी शिकवणारे शिक्षकही असतात. प्रेपोझिशननंतर क्रियापद आले तर त्याला 'आयएनजी' लावावे, हा नियम त्यांतल्या बहुतेकांनी शाळेत वहीत उतरवून घेतलेला असतो आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवलेले असतात. नियम एका ओळीचा आहे, अपवाद मोजके आहेत, आणि तरीही स्वतःचे वाक्य लिहायची वेळ आली की तो हाताशी येत नाही. असे का व्हावे, या प्रश्नातून हे पुस्तक निघाले आहे. माझे उत्तर असे की शाळेत नियम सांगितला जातो, त्यामागचे कारण सांगितले जात नाही. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही. आणि ते कारण समजण्यासाठी जे काही लागते ते मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी शाळेत जाण्याच्या आधीपासून असते. वर्गात त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, एवढेच.

मूळ गोष्टीपासून सुरुवात करू. 'बिफोर', 'आफ्टर', 'विदाउट', 'बाय', 'ऑफ', 'इन्स्टेड ऑफ' या शब्दांना पुढे नाम हवे असते. 'बिफोर दिवाळी' चालते, 'बिफोर गो' चालत नाही, कारण 'गो' हे नाम नाही. जाण्याची क्रियाच 'बिफोर'ला जोडायची असेल, तर आधी त्या क्रियेला नामाचे रूप द्यावे लागते आणि ते रूप म्हणजे 'गोइंग'. यालाच इंग्रजी व्याकरणात जेरंड म्हणतात. आता मराठीकडे पाहा. 'पूर्वी', 'नंतर', 'ऐवजी', 'शिवाय', 'बद्दल', 'मुळे' ही आपली शब्दयोगी अव्यये. त्यांनाही नामच हवे असते, आणि तेही सामान्यरूपात: दिवाळीपूर्वी, पावसामुळे, घराऐवजी. 'जा' हा धातू त्यांना थेट चिकटत नाही. 'जापूर्वी' असे कोणी म्हणत नाही, मराठी शिकणारे चार वर्षांचे मूलही नाही. आपण 'जा'चे 'जाणे' करतो, 'जाणे'चे सामान्यरूप 'जाण्या' करतो आणि मग 'पूर्वी' जोडतो: जाण्यापूर्वी. 'बिफोर गोइंग' आणि 'जाण्यापूर्वी' यांत भाग तेच, काम तेच. इंग्रजीत जोडणारा शब्द आधी येतो, मराठीत मागून. ज्या मुलाला 'जापूर्वी' चुकीचे वाटते, त्याला 'बिफोर गो' का चुकीचे हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. ही पाच मिनिटे आपण खर्च करत नाही आणि त्याऐवजी रिकाम्या जागा भरण्याचे शेकडो प्रश्न सोडवून घेतो.

हे साम्य वरवरचे आहे, दोन भाषा योगायोगाने एका ठिकाणी भेटल्या आहेत, अशी शंका कोणी घेईल. ती दूर करायला थोडे आत जावे लागेल. जेरंडचे खरे वैशिष्ट्य असे की ते बाहेरच्या वाक्याशी नामासारखे वागते आणि आपल्या पोटातल्या शब्दांशी क्रियापदासारखे. 'बिफोर रायटिंग द लेटर' यात 'रायटिंग' हे 'बिफोर'चे नाम आहे, पण 'द लेटर' हे त्याचे कर्म आहे आणि मध्ये 'ऑफ' लागत नाही. हळू बोलण्याबद्दल लिहायचे तर 'स्पीकिंग स्लोली' म्हणायचे. 'स्लोली' हे क्रियाविशेषणच राहते. मराठीत नेमके हेच घडते. 'पत्र लिहिण्यापूर्वी' असे आपण म्हणतो, 'पत्राच्या लिहिण्यापूर्वी' म्हणत नाही. 'लिहिण्या'ला नामाचे सामान्यरूप आले तरी पत्र हे त्याचे कर्मच राहिले. उलट 'लेखन' हा शब्द घेतला, की लगेच षष्ठी लागते: पत्राच्या लेखनापूर्वी. 'लेखन' सुंदर असते, 'लिहिणे' मात्र 'भरभर लिहिणे' असू शकते. इंग्रजीतही 'द रायटिंग ऑफ द लेटर' असा निव्वळ नामाचा प्रयोग आहे आणि तेथे 'ऑफ' आवश्यक आहे. म्हणजे 'लेखन' आणि 'लिहिणे' यांत मराठी जो भेद करते, तोच भेद इंग्रजी एका 'रायटिंग'च्या दोन वापरांत करते. आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून आपल्याला तो अधिक स्पष्ट दिसायला हवा. मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त धातुसाधितांचा विचार सविस्तर आलेला आहे. ती प्रकरणे वाचलेल्या माणसाला इंग्रजी जेरंडची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

इंग्रजीचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1150 पूर्वीच्या भाषेत, क्रियापदापासून 'उंग' किंवा 'इंग' लावून नामे होत. शिकणे या अर्थी 'लेओर्नुंग' असा शब्द होता. ही साधी नामे होती. त्यांना कर्म घेता येत नसे, क्रियाविशेषण चालत नसे. 'जाणारा', 'जाता' अशा अर्थाचे विशेषणात्मक रूप वेगळे होते आणि त्याचा शेवट 'एंडे' असा होई. पुढच्या काही शतकांत हा 'एंडे' बहुतेक बोलींतून गेला आणि त्याच्या जागीही 'इंग' आला. आज एका 'आयएनजी'च्या दोन भूमिका दिसतात त्याचे मूळ येथे आहे. पुढे चौदाव्या शतकाच्या सुमारापासून 'इंग'वाले नाम हळूहळू क्रियापदासारखे वागू लागले, 'ऑफ'शिवाय कर्म घेऊ लागले. भाषेतिहासाच्या अभ्यासकांना या बदलात एक गोष्ट ठळकपणे आढळली: कर्म घेणारे हे रूप सर्वांत आधी रुजले ते प्रेपोझिशननंतर. कर्ता म्हणून किंवा दुसऱ्या क्रियापदाचे कर्म म्हणून ते नंतर पसरले. म्हणजे प्रेपोझिशननंतर 'आयएनजी' हा जेरंडच्या अनेक उपयोगांतला एक फुटकळ उपयोग नाही; आजचे जेरंड घडले तेच मुख्यतः तेथे. बराच काळ हे रूप अर्धवट स्थितीत होते. अठराव्या शतकातल्या गद्यात 'द' हे उपपद लावूनही 'ऑफ' गाळलेली वाक्ये सापडतात. 1762 साली रॉबर्ट लोथ या, पुढे बिशप झालेल्या, विद्वानाने आपल्या व्याकरणात त्यावर निवाडा दिला: उपपद लावायचे तर 'ऑफ'ही लावा, नाहीतर दोन्ही गाळा. आज प्रमाण इंग्रजी याच वाटेने चालते. निव्वळ नाम हवे असेल तर पुरते नाम, नाहीतर नाम आणि क्रियापद यांचे पक्के मिश्रण. आपल्या 'लेखन' आणि 'लिहिणे' यांचीही अशीच वाटणी आहे.

येथपर्यंतचे साम्य वाचून कोणी असे समजू नये की मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की काम झाले. साम्य तत्त्वाचे आहे, तपशिलात दोन्ही भाषा आपापल्या मार्गाने जातात, आणि नेमके कोठे वेगळ्या होतात हे सांगणे हा या पुस्तकाचा मोठा भाग आहे. पहिला फरक मराठीच्या श्रीमंतीचा. क्रिया अजून झालेली नाही की होऊन गेली, हे मराठी धातुसाधितातच सांगते. 'जेवण्यापूर्वी' म्हणताना जेवण व्हायचे आहे, म्हणून 'जेवण्या'. 'जेवल्यानंतर' म्हणताना ते झाले आहे, म्हणून 'जेवल्या'. 'करण्याऐवजी' आणि 'केल्याबद्दल', 'जाण्यापासून' रोखणे आणि 'गेल्यापासून' आठवण येणे. इंग्रजी या साऱ्यांना एकच रूप देते: 'बिफोर ईटिंग', 'आफ्टर ईटिंग', 'फॉर डूइंग'. 'बाय डूइंग'साठी आपण 'करून' म्हणतो, 'विदाउट डूइंग'साठी 'न करता' किंवा 'केल्याशिवाय', 'ऑन हिअरिंग'साठी 'ऐकताच'. विद्यार्थ्याला मराठीत पाच-सहा रूपे दिसतात आणि इंग्रजीत एकच, म्हणून तो गोंधळतो. 'आफ्टर'नंतर भूतकाळ हवा असे त्याला वाटते आणि तो 'आफ्टर एट' लिहितो. त्याच्या मनातली शंका रास्त आहे, कारण त्याची भाषा तेथे भूतकाळ दाखवते. त्याला 'चूक' एवढाच शेरा मिळतो. इंग्रजी हा भेद येथे करत नाही, काळाचे काम 'आफ्टर' हा शब्दच करतो, एवढे सांगितले असते तर पुरले असते. 'आफ्टर हॅविंग ईटन' असेही इंग्रजीत म्हणता येते, पण 'आफ्टर' असताना त्याची गरज क्वचितच पडते.

दुसरा फरक 'साठी'चा, आणि येथे मराठी खरोखर फसवते. 'मित्राला भेटण्यासाठी पुण्याला गेलो' याचे 'आय वेंट टू पुणे फॉर मीटिंग माय फ्रेंड' असे भाषांतर सर्रास होते. प्रेपोझिशननंतर 'आयएनजी' हा नियम येथे पाळलेला आहे, तरी वाक्य इंग्रजी कानाला खटकते. माणूस काही हेतूने काही करतो तेव्हा इंग्रजी 'टू मीट' म्हणते. 'फॉर' आणि 'आयएनजी' यांची जोडी दोन जागी शोभते. एक, वस्तूचा उपयोग सांगताना: पाव कापण्यासाठीची सुरी, 'अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड'. दुसरी, झालेल्या कृतीबद्दल आभार, शाबासकी किंवा शिक्षा सांगताना: मदत केल्याबद्दल धन्यवाद, 'थँक यू फॉर हेल्पिंग'. मराठीत पाहिले तर कसोटी सोपी होते. मनातला शब्द 'केल्याबद्दल' असेल तर 'फॉर'. 'करण्यासाठी' असेल तर कोण करतो आणि का, हे पाहायचे.

आता सुरुवातीच्या 'टू'कडे वळू, कारण सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्यांचे खापर मराठीवर फोडणे अन्यायाचे आहे. 'लुक फॉरवर्ड टू मीट' ही चूक आपल्या भाषेतून आलेली नाही. ती इंग्रजीनेच विणलेल्या जाळ्यात अडकल्याने होते. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक दिशा किंवा संबंध दाखवणारे शब्दयोगी अव्यय. दुसरे 'टू गो', 'टू मीट' यांतले, क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण म्हणून येणारे. विद्यार्थ्याला दुसरे आधी भेटते आणि हजारदा भेटते, म्हणून 'टू' दिसले की तो पुढे मूळ रूप ठेवतो. गंमत अशी की हे दुसरे 'टू'ही एके काळी शब्दयोगी अव्ययच होते. जुन्या इंग्रजीत त्याच्यापुढे क्रियापदाचे चतुर्थीचे रूप येई, त्याला वेगळा प्रत्यय असे. तो प्रत्यय झिजून गेला आणि 'टू' नुसती खूण होऊन उरले. आपल्या 'भेटण्यास' या रूपात 'भेटणे'चे सामान्यरूप आणि 'स' हा चतुर्थीचा प्रत्यय आजही दिसतो. इंग्रजीत जे पुसले गेले ते मराठीत शाबूत आहे. दोन 'टू' वेगळे ओळखण्याची रीत अशी: 'टू'नंतर नाम किंवा 'इट' ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालते, तेव्हा हे शब्दयोगी अव्यय, पुढे 'मीटिंग'. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही, तेव्हा ही नुसती खूण, पुढे 'मीट'. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'डिव्होटेड टू', 'विथ अ व्ह्यू टू' हे सारे पहिल्या गटातले. 'यूज्ड टू' मात्र दोन्हीकडे सापडते आणि तेथे मराठी अर्थच मदतीला धावतो: 'मी लवकर उठत असे' असेल तर 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली', आणि 'मला लवकर उठण्याची सवय आहे' असेल तर 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. दुसऱ्या वाक्यात 'उठण्याची' हे नामरूप आपण मराठीतही वापरले आहे. 'उठण्याची', 'उठण्यापासून', 'उठण्याबद्दल' असे रूप मनात आले की इंग्रजीत बहुधा जेरंडच येते. 'मला जाण्यापासून रोखले' हे 'प्रिव्हेंटेड मी फ्रॉम गोइंग' होते. 'पासून' आणि 'फ्रॉम' समोरासमोर आहेत, तरी 'प्रिव्हेंटेड मी टू गो' असे लिहिले जाते, याचा मला खेद वाटतो, कारण येथे नुसते मराठीत विचार केला असता तरी बरोबर उत्तर आले असते.

सर्वांत अवघड भाग कर्त्याचा आहे. 'स्टेशनवर पोहोचल्यावर गाडी सुटली' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. पोहोचलो आम्ही, सुटली गाडी; ऐकणाऱ्याला ते कळते. याचे 'आफ्टर रीचिंग द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' केले, की इंग्रजी वाचकाला पोहोचली तीही गाडीच असे वाटते. कारण असे की जेरंडला स्वतःचा कर्ता दिलेला नसेल तर मुख्य वाक्याचा कर्ताच त्याचा कर्ता धरला जातो. मराठीच्या 'ल्यावर'ला हे बंधन नाही, म्हणून आपले पाय येथे घसरतात. पण मराठीत दुसरे एक रूप आहे ज्याला साधारण हेच बंधन आहे, आणि ते म्हणजे 'ऊन'. 'स्टेशनवर पोहोचून गाडी सुटली' असे म्हटले की मराठी माणसालाही पोहोचणारी गाडीच वाटते. 'जेवून मी झोपलो' यात जेवणारा आणि झोपणारा एकच. 'त्याला जाऊन दोन वर्षे झाली' असे काही प्रयोग या बंधनातून सुटतात, पण ते ठरावीक साच्याचे आहेत आणि ओळखू येतात. म्हणून 'आफ्टर'पुढे जेरंड ठेवायचे की पूर्ण वाक्य, हा प्रश्न पडला की मनातल्या 'ल्यावर'चे 'ऊन' करून पाहावे. अर्थ टिकला तर जेरंड. बिघडला तर 'आफ्टर वी रीच्ड द स्टेशन' असे कर्त्यासह वाक्य. 'पूर्वी'साठी अशी तयार कसोटी नाही. तेथे सरळ विचारावे लागते की दोन्ही क्रिया एकाच्याच आहेत का. 'बाहेर पडण्यापूर्वी मी जेवलो', कर्ता एक, 'बिफोर गोइंग आउट'. 'तो येण्यापूर्वी मी जेवलो', कर्ते दोन, 'बिफोर ही केम'. विद्यार्थी येथे 'बिफोर ही कमिंग' लिहितात. मराठी 'येण्यापूर्वी'ला प्रथमेतला 'तो' चालतो, त्याची ही सावली आहे. 'विदाउट'चे त्याहून बिकट. 'तो आल्याशिवाय' यावरून 'विदाउट ही केम' होते, पण प्रमाण इंग्रजीत 'विदाउट' वाक्य घेत नाही. 'बिफोर', 'आफ्टर' आणि 'सिन्स' यांना नाम, जेरंड आणि वाक्य तिन्ही चालतात; 'विदाउट', 'बाय', 'इन्स्टेड ऑफ' आणि 'डिस्पाइट' यांना वाक्य जोडता येत नाही. 'तो आल्याशिवाय जाऊ नका' यासाठी 'अनटिल ही कम्स' म्हणावे लागते.

जेरंडला स्वतःचा कर्ता द्यायचाच असेल तर तो कोणत्या रूपात, यावर इंग्रजीत मोठा वाद झाला आहे. 'हिज कमिंग' की 'हिम कमिंग'? हेन्री फाउलर यांनी 1906 च्या 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये दुसऱ्या प्रयोगाला नाव ठेवून तो दोष ठरवला आणि पुढेही त्यावर कडक टीका केली. ऑटो येस्पर्सन या डॅनिश विद्वानाने जुन्या-नव्या लेखकांची उदाहरणे पुढे करून तो प्रयोग भाषेत मुरलेला आहे असे दाखवले. माझा कौल येस्पर्सन यांना आहे आणि त्याचे एक कारण मराठीत आहे. आपण 'त्याच्या येण्यामुळे' म्हणतो आणि 'तो आल्यामुळे'ही म्हणतो. पहिल्यात येण्याचे नामपण पुढे येते, दुसऱ्यात क्रियापण. ज्या रूपात नाम आणि क्रियापद दोन्ही नांदतात, त्याचा कर्ता दोन रूपांत यावा हे स्वाभाविक आहे. यातले एक अशुद्ध ठरवण्याचे कारण नाही. लिहिताना मात्र, विशेषतः औपचारिक पत्रात, मी वाचकाला 'हिज कमिंग' वापरण्याचा सल्ला देईन. परीक्षक आणि वरिष्ठ यांच्यात फाउलर यांचे अनुयायी अजून पुष्कळ आहेत.

जेरंडच्या पुढे गौण वाक्य येते तो प्रकार शाळेच्या पुस्तकांत जवळजवळ नसतोच, आणि प्रत्यक्ष गद्यात तो पानोपानी असतो. प्रेपोझिशनला 'दॅट'ने सुरू होणारे वाक्य थेट जोडता येत नाही. 'इन स्पाइट ऑफ दॅट ही वॉज इल' हे चूक आहे. 'इन दॅट' आणि 'एक्सेप्ट दॅट' असे दोन-तीन जोड सोडले तर हा दरवाजा बंद आहे. मग प्रेपोझिशन आणि संपूर्ण वाक्य यांची गाठ कशी घालायची? मध्ये जेरंड ठेवून. 'ऑन हिअरिंग दॅट द एक्झाम हॅड बीन पोस्टपोन्ड', 'विदाउट नोइंग दॅट', 'बाय सेइंग दॅट'. प्रेपोझिशनने जेरंडला धरले आणि जेरंडने वाक्याला. मराठीत पाहा: 'परीक्षा पुढे ढकलली आहे हे कळल्यावर'. वाक्य आधी, ते वाक्य उचलून घेणारे 'हे', मग 'कळल्या', शेवटी 'वर'. क्रम नेमका उलटा आहे, पण साखळी तीच. मराठीतही 'वर' हे अव्यय 'परीक्षा पुढे ढकलली आहे' या वाक्याला सरळ लागत नाही. मध्ये धातुसाधित लागतेच. हा उलटा क्रम एकदा डोळ्यांसमोर आला, की लांब वाक्ये लिहिणे सोपे होते, कारण मराठी वाक्य शेवटाकडून उकलत आले की इंग्रजी वाक्य आपोआप उभे राहते. प्रश्नार्थक शब्दांचे गौण वाक्य असेल तर थोडी सावधगिरी हवी. 'तो कुठे चालला आहे हे न कळता' यात मराठी शब्दक्रम प्रश्नातल्यासारखाच राहतो. इंग्रजीत तो सरळ करावा लागतो: 'विदाउट नोइंग व्हेअर ही इज गोइंग'. अनेकजण तेथे 'व्हेअर इज ही गोइंग' लिहितात, आणि बाकी सारे अचूक असूनही वाक्य बिघडते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप असा की परकी भाषा शिकताना मातृभाषा दूर ठेवावी. मूल जसे ऐकून शिकते तसेच शिकावे. तुलना केली की भाषांतराची खोड लागते. जेथे घरी-दारी इंग्रजी कानावर पडते तेथे हे खरे असेल. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण खेड्यातल्या किंवा लहान गावातल्या मुलाच्या कानावर दिवसभरात पडणारे इंग्रजी म्हणजे वर्गातला तो एक तास. ऐकून शिकण्यासाठी जेवढे ऐकावे लागते तेवढे त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय मातृभाषा दूर ठेवा म्हटल्याने ती दूर राहत नाही. 'बिफोर ही कमिंग' लिहिणाऱ्या मुलाला कोणी मराठीतून शिकवलेले नसते, तरी मराठी त्याच्या वाक्यात शिरलेली असते. ती न सांगता शिरते तेव्हा चूक करवते. तिला समोर बसवून तिच्याशी पडताळा घेतला तर तीच चूक टाळते. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीच्या मर्यादा होत्या, बोलणे तीत मागे पडे, हे मला मान्य आहे. पण दोन भाषांची वाक्ये शेजारी ठेवण्याची तिची सवय टाकून देण्यासारखी नव्हती.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येईल. आधुनिक भाषाविज्ञान जेरंड ही वेगळी जातच मानत नाही, मग जुने नाव कशाला? हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 सालच्या 'केंब्रिज ग्रामर'मध्ये जेरंड आणि वर्तमान कृदन्त यांना एकच रूप मानले आहे, हे खरे. रूप एकच आहे हे वर इतिहासातही आलेच. मला नावाचा आग्रह नाही. प्रेपोझिशननंतर कोणते रूप येते आणि का, एवढ्याचा आहे. त्याच ग्रंथात आणखी एक मत आहे, आणि ते मराठी वाचकाला लगेच पटावे: 'बिफोर', 'आफ्टर' यांच्यापुढे नाम येवो वा वाक्य, ते प्रेपोझिशनच. शाळेत आपण त्यांना एकदा शब्दयोगी आणि एकदा उभयान्वयी म्हणतो. मराठीत मात्र 'दिवाळीपूर्वी', 'जाण्यापूर्वी' आणि 'तो येण्यापूर्वी' या तिन्हींत 'पूर्वी' एकच आहे आणि त्याची जात बदलली असे कोणाला वाटत नाही.

तिसरा आक्षेप अपवादांचा. 'बट' आणि 'एक्सेप्ट' यांच्यापुढे मूळ रूप येते: 'ही डिड नथिंग बट वेट'. 'अबाउट टू लीव्ह'मध्ये 'अबाउट'पुढे 'टू' येतो. 'ड्यूरिंग' हे प्रेपोझिशन असूनही जेरंड घेत नाही. 'ड्यूरिंग ट्रॅव्हलिंग' लिहिणाऱ्याच्या मनात 'प्रवास करताना' असते आणि त्याला 'व्हाइल ट्रॅव्हलिंग' हवे असते. हे अपवाद खरे आहेत आणि पुढे त्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. पण ते बोटांवर मोजता येतात, आणि नियमाचे कारण समजलेल्या माणसाला अपवाद लक्षात ठेवणे सोपे जाते, कारण त्याला ते वेगळे दिसतात.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. एका भाषेच्या उजेडात दुसरी पाहण्याचा तो मोठा प्रयत्न होता आणि त्यातून मराठी व्याकरणाचा पाया पक्का झाला. हे पुस्तक तोच प्रवास उलट दिशेने करू पाहते: मराठीच्या उजेडात इंग्रजीचा एक लहानसा कोपरा. शिक्षकांना माझी विनंती आहे की जेरंडचा धडा सुरू करताना फळ्यावर पहिले वाक्य मराठी लिहावे, 'जाण्यापूर्वी', 'केल्याबद्दल', 'हे कळल्यावर' यांतले काहीही, आणि मुलांना 'जापूर्वी' का म्हणत नाहीत हे विचारावे. एकट्याने शिकणाऱ्या वाचकाने प्रत्येक प्रकरणातले स्वाध्याय करताना आधी स्वतःचे मराठी वाक्य वहीत लिहावे, त्यातले धातुसाधित अधोरेखित करावे आणि मगच इंग्रजी वाक्याला हात घालावा. उत्तरे शेवटी दिली आहेत. ती पाहण्याची घाई करू नये.